ओळख पटली, म्हणजे नेमकं काय पटलं?

विषयाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल की आज चुकून रसायनशास्त्राच्या सभागृहात येऊन बसलो. तसं नाही. आम्ही जन्मभर तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा शिकवली, रसायनशास्त्राशी आमचा संबंध अकरावीत सुटला. पण गेल्या वर्षी आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. तत्त्वज्ञानात बी.ए. करून ती पुढे भलत्याच वाटेने गेली आणि आता एका प्रयोगशाळेत कामाला आहे. म्हणाली, "सर, एक शब्द अडलाय. जप्त केलेली कुपी आमच्याकडे तपासायला येते. आत वाढीचं संप्रेरक आहे. ते माणसाचं, गाईचं की डुकराचं, ते आम्ही मशीनवर बघतो. अहवालात 'ओळख पटली' असं लिहायचं, की 'अमुकाशी जुळतं' असं लिहायचं? साहेब म्हणतात दोन्ही एकच."

दोन्ही एकच नाही, हे आम्ही तिला फोनवरच सांगितलं. पण का नाही, ते सांगायला आम्हाला तीन-चार महिने वाचावं लागलं. जे वाचलं त्यातल्या काही शोधनिबंधांची, आणि मुख्यतः एका निवाड्याची, आज आम्ही चिकित्सा करणार आहोत.

आधी वस्तू समजून घेऊ. मेंदूच्या तळाशी पियुषिका, म्हणजे पिट्युटरी नावाची ग्रंथी असते. तिच्यातून वाढीचं संप्रेरक, ग्रोथ हॉर्मोन, रक्तात सुटतं. हे एक प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. मण्यांचे प्रकार वीस, आणि माणसाच्या या माळेत मणी आहेत १९१. गाईच्या माळेतही जवळपास तितकेच, पण क्रम वेगळा. साधारण दोन तृतीयांश जागी मणी तेच, बाकीच्या जागी दुसरे.

हा फरक नुसता कागदावरचा नाही. खुज्या मुलांना गाईच्या ग्रंथीतून काढलेलं संप्रेरक देऊन पाहिलं गेलं आणि ते निकामी ठरलं. मधुमेह्याला डुकराचं इन्सुलिन चालतं, मग हे का चालू नये, असा डॉक्टरांना प्रश्न पडला. १९५८ मध्ये अमेरिकेत मॉरिस रेबन यांनी माणसाच्याच ग्रंथीतून काढलेलं संप्रेरक एका मुलाला दिलं आणि तो मुलगा वाढू लागला. पुढे कारणही कळलं. संप्रेरक पेशीवर ज्या ठिकाणी जाऊन बसतं, त्या ग्राहीवर माणसात एका विशिष्ट जागी आर्जिनिन नावाचा मणी असतो. गाईसारख्या प्राण्यांत तिथे ल्युसिन असतो. या एका मण्यामुळे गाईची किल्ली माणसाच्या कुलपात फिरत नाही. उलट माणसाची किल्ली मात्र गाईच्या कुलपात फिरते. हा एकतर्फीपणा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता यंत्र. मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे शेवटी एक काटा. सराफाच्या काट्याहून कितीतरी पटींनी बारीक, पण काटाच. अख्खी माळ त्यावर ठेवण्याऐवजी ती आधी तोडतात. ट्रिप्सिन नावाचं एक विकर आहे, ते लायसिन किंवा आर्जिनिन हा मणी आला की त्याच्या पुढे कापतं. (पुढचा मणी प्रोलिन असेल तर सहसा कापत नाही, पण तो तपशील सोडा.) कात्री ठरलेल्या जागी चालते, म्हणून तुकडेही ठरलेले पडतात. माणसाच्या माळेचा पहिला तुकडा आठ मण्यांचा, गाईचा सतरा मण्यांचा. डुकराचाही सतराच, पण त्यात दोन जागी गाईपेक्षा वेगळे मणी. प्रत्येक तुकड्याचं वजन घ्यायचं, मग तो तुकडाच फोडून पोटतुकड्यांची वजनं घ्यायची. दुसऱ्या वजनातून मण्यांचा क्रम वाचता येतो. अवजड प्रथिनांना न मोडता काट्यावर उडतं करण्याच्या युक्त्या जॉन फेन आणि कोइची तानाका यांनी शोधल्या आणि त्यांना २००२ चं नोबेल मिळालं. तानाका एका कंपनीत नोकरी करणारे इंजिनिअर होते, डॉक्टरेट नसलेले. आमच्यासारख्या डॉक्टरेटवाल्यांनी हे अधूनमधून आठवावं.

इथवर आमची काही तक्रार नाही. कुपीत माल भरपूर असतो, शुद्ध असतो, आणि माणूस की गाय या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या दिवसात मिळतं. उत्तर चुकायला जागाही फार नसते. आता तक्रारी.

पहिली तक्रार 'प्रजाती' या शब्दाबद्दल. कुपीत डुकराचं संप्रेरक आहे, असं अहवालात लिहिलं. पण कुत्र्याचं वाढीचं संप्रेरक मणी न् मणी डुकरासारखंच असतं. १९१ पैकी १९१. उत्क्रांतीच्या झाडावर ही दोन जनावरं काही शेजारी नाहीत, तरी माळ एकच. मेंढी आणि बकरीचं तसंच. गाय आणि मेंढी यांच्या माळांत थोडा फरक आहे, पण पहिला सतरा मण्यांचा तुकडा दोघींचा हुबेहूब सारखा. म्हणजे ज्याने फक्त पहिला तुकडा तोलला आणि 'गाय' लिहिलं, त्याने 'गाय किंवा मेंढी किंवा बकरी' असं लिहायला हवं होतं.

कोणी म्हणेल, सर, कुत्र्याचं संप्रेरक बाजारात विकतो कोण? बरोबर. पण मग अहवालातलं 'डुक्कर' हे काट्यावरून आलेलं नाही, बाजारात काय मिळतं या व्यवहारज्ञानातून आलंय. व्यवहारज्ञान वाईट असतं असं आम्ही म्हणत नाही. न्यायाधीशाला ते यंत्राच्या नावाने देऊ नये, एवढंच. यंत्र क्रम सांगतं. क्रमावरून प्रजातीकडे जाणं हे अनुमान आहे, आणि अनुमान करणारा माणूस असतो. काट्याची स्वतःची आंधळी जागाही आहे: ल्युसिन आणि आयसोल्युसिन हे दोन मणी वेगळे, पण वजन अगदी एक. नेहमीच्या तपासणीत त्यांना वेगळं करता येत नाही. तिथे जो मणी लिहिला जातो तो संदर्भसूचीतून उचललेला असतो.

लायब्निट्झचं एक तत्त्व आम्ही दरवर्षी शिकवत असू. ज्या दोन वस्तूंत कोणताही भेद दाखवता येत नाही, त्या दोन नसून एकच. मुलं विचारायची, भेद दाखवता येत नाही म्हणजे कोणाला? आमच्या डोळ्याला, दुर्बिणीला, की देवाला? आम्ही उत्तर द्यायचो की देवाला. प्रयोगशाळा लायब्निट्झच्या तत्त्वावर चालते, पण देवाच्या जागी काटा बसवून. काट्याला भेद दिसत नाही, म्हणून एकच, असं गृहीत धरते.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे आणि इथेच आपलं न्यायशास्त्र उपयोगी पडतं. न्याय म्हणजे गौतमाचं दर्शन, कोर्टातला न्याय नव्हे. खरं तर आज दोन्ही.

गाईला जादा दूध यावं म्हणून कारखान्यात बनवलेलं गाईचंच संप्रेरक टोचण्याची पद्धत अमेरिकेत आहे. १९९३ मध्ये तिथल्या एफडीएने मॉन्सान्टोच्या औषधाला परवानगी दिली. कॅनडाने १९९९ मध्ये नाकारली, युरोपीय संघानेही बंदी घातली. बंदी घातली की ती मोडली जाते का ते तपासावं लागतं. पण तपासणार कसं? गाईच्या अंगात गाईचं संप्रेरक असणारच. बाहेरून आलेलं कोणतं आणि आतलं कोणतं?

इथे कारखान्याने नकळत एक खूण ठेवली होती. हे संप्रेरक जिवाणूंकडून बनवून घेतात. जिवाणू कोणतंही प्रथिन गुंफायला घेतो तेव्हा पहिला मणी मेथिओनिनचा ओवतो. गाईच्या पेशीतही सुरुवात मेथिओनिननेच होते, पण तिथे माळेच्या पुढे एक लांब शेपूट असते आणि माळ बाहेर पडताना ती शेपूट मेथिओनिनसकट छाटली जाते. जिवाणूत ही छाटणी होत नाही. परिणामी मॉन्सान्टोच्या मालात पहिल्या जागी मेथिओनिन राहिलं, जिथे गाईच्या स्वतःच्या मालात अलानिन असतं. फरक एका मण्याचा. वजनात फरक ६० एककांचा. काट्याला एवढं पुष्कळ.

फ्रान्समध्ये नान्त इथल्या प्रयोगशाळेने या एका मण्यावर गाईच्या रक्तासाठी पद्धत उभी केली. शर्यतीच्या घोड्यांसाठीही हेच झालं, कारण ऑस्ट्रेलियात घोड्यांसाठी जे संप्रेरक बनलं त्याच्याही पहिल्या जागी जास्तीचं मेथिओनिन होतं. घोड्यांवरचा निबंध २००८ चा आहे आणि त्याच्या शीर्षकातच 'आयडेंटिफिकेशन' हा शब्द आहे. आम्ही तो दोनदा वाचला. काम सुंदर आहे. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ग्रॅमच्या अब्जांश भागाएवढा माल, त्यात इतर प्रथिनांचा चिखल, आणि त्यातून सतरा-अठरा मण्यांचा एक तुकडा उचलून त्याचं पहिलं टोक वाचायचं. ज्यांनी हे केलं त्यांच्यापुढे आम्ही हात जोडतो.

पण अनुमानाचा आकार बघा. जिथे धूर तिथे अग्नी. जिथे पहिल्या जागी मेथिओनिन, तिथे कारखाना. ही व्याप्ती पक्की आहे. कुठल्याही जनावराच्या रक्तात मेथिओनिनने सुरू होणारं हे संप्रेरक आपोआप फिरत नाही. आता उलटं करून बघा: जिथे अग्नी तिथे धूर. नैयायिकांनी यावर फार पूर्वी बोट ठेवलंय. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. अग्नी आहे, धुराचा पत्ता नाही. म्हणून धूर आणि अग्नी यांची व्याप्ती विषम, एका बाजूनेच खरी.

आणि गाईच्या संप्रेरकात हा लोखंडाचा गोळा खरोखर अस्तित्वात आहे. मॉन्सान्टोच्या मालाला सोमेट्रिबोव्ह म्हणतात. त्याच काळात दुसऱ्या कंपन्यांनीही असा माल तयार केला. एकाच्या पहिल्या टोकाला आणखी जास्त मणी चिकटलेले होते. पण सोमावुबोव्ह नावाचा जो होता, त्याचा क्रम गाईच्या नैसर्गिक संप्रेरकाच्या एका प्रकाराशी तंतोतंत जुळत होता. मेथिओनिन नाही, काही नाही. तो टोचलेल्या गाईचं रक्त या पद्धतीने तपासलं तर निष्कर्ष येईल 'आढळलं नाही'. आणि कागदावर 'आढळलं नाही' वाचणारा अधिकारी ते 'दिलेलं नाही' असं वाचेल. शोधनिबंध लिहिणाऱ्यांची ही चूक नाही, ते आपली मर्यादा जाणून असतात. पण निबंधातून प्रमाणपत्रात जाताना 'मेथिओनिनयुक्त प्रकार' हे विशेषण गळून पडतं. आमची टीका या गळतीवर आहे. म्हणजे ही पद्धत चोराला पकडते ती चोराने अंगठ्याचा ठसा ठेवला म्हणून, आणि ठसा ठेवायचा की नाही हे चोराच्याच हातात आहे.

जाता जाता एक गोष्ट. अमेरिकेत १९९४ साली एफडीएने दुधाच्या लेबलांबद्दल मार्गदर्शन केलं. 'आमच्या गाईंना हे टोचलेलं नाही' असं कोणी छापलं तर सोबत हेही छापावं, की टोचलेल्या आणि न टोचलेल्या गाईंच्या दुधात लक्षणीय फरक दाखवला गेलेला नाही. 'फरक नाही' आणि 'फरक दाखवला गेलेला नाही' यांत फरक आहे की नाही, हा आमच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेतला प्रश्न शोभेल. २०१० मध्ये ओहायोतल्या लेबलांच्या खटल्यात अपील न्यायालयाने हा 'फरक नाही' चा दावा मान्य केला नाही. तो धागा इथेच सोडतो.

आता माणसाकडे. आजच्या बोलण्याचा गाभा हा आहे, कारण इथे एका माणसाचं नाव पणाला लागलेलं होतं.

१९८५ पर्यंत माणसाचं वाढीचं संप्रेरक मृतदेहांच्या ग्रंथींतून काढत. त्या मालातून काही मुलांच्या मेंदूत क्रॉइट्झफेल्ड-याकोब नावाचा रोग गेला. फ्रान्समध्ये शंभराहून अधिक जण दगावले. माळ माणसाचीच होती, मणी न् मणी बरोबर होते. मारलं ते माळेने नव्हे, तिच्यासोबत आलेल्या घाणीने. म्हणून 'रेणू तोच आहे ना, मग कुठून आला याला काय महत्त्व' असं कोणी म्हटलं तर आम्ही त्याला ही मुलं दाखवू. त्याच वर्षी कारखान्यातल्या संप्रेरकाला परवानगी मिळाली. पहिलं जे आलं त्याच्या डोक्यावर ते जास्तीचं मेथिओनिन होतं, मणी १९२. पुढच्या उत्पादकांनी मेथिओनिन काढून टाकण्याची सोय केली. मणी १९१, निसर्गासारखे. रुग्णांसाठी उत्तम झालं. पण उत्तेजकं तपासणाऱ्यांच्या हातातला ठसा पुसला गेला.

कोणी जाणकार म्हणतील की टेस्टोस्टेरॉनही निसर्गासारखंच असतं, तरी पकडतात. हो, कारण कारखान्यातलं टेस्टोस्टेरॉन वनस्पतींपासून बनतं आणि त्यातल्या कार्बनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण शरीरातल्यापेक्षा वेगळं असतं. म्हणजे रेणू 'तोच' असूनही जन्मस्थानाची खूण उरते. वाढीचं संप्रेरक रक्तात इतकं कमी असतं आणि इतक्या लवकर जातं की ही युक्ती तिथे चालवलेली नाही.

मग केलं काय? पियुषिका एकाच प्रकारची माळ सोडत नाही. मुख्य माळ १९१ मण्यांची, पण तिच्याबरोबर पंधरा मणी कमी असलेली एक आखूड माळ आणि इतर प्रकारही सोडते. कारखान्याचा माल मात्र फक्त मुख्य माळेचा. बाहेरून टोचलं की मुख्य माळेचं प्रमाण वाढतं, शिवाय ग्रंथी आपलं उत्पादन आवरते, म्हणून बाकीचे प्रकार घटतात. हे गुणोत्तर प्रतिपिंडांच्या संचांनी मोजायचं. इथे मास स्पेक्ट्रोमीटर नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला ही चाचणी प्रथम आली. गुणोत्तर ठराविक मर्यादेच्या वर गेलं की दोषी. पुरुषांसाठी मर्यादा होत्या एका संचाला १.८१ आणि दुसऱ्याला १.६८.

बदल काय झाला ते पाहा. घोड्याच्या बाबतीत वेगळी वस्तू सापडत होती. माणसाच्या बाबतीत वस्तू तीच, फक्त तिचं प्रमाण विचित्र. पहिल्यात ओळख आहे. दुसऱ्यात संशयाचं मोजमाप आहे. पण दोन्हींना नियमांच्या भाषेत नाव एकच: 'प्रतिकूल विश्लेषणात्मक निष्कर्ष'.

एस्टोनियाचा स्कीपटू आंद्रुस वेरपालू. २००२ आणि २००६ चा ऑलिम्पिक सुवर्णविजेता, आपल्या छोट्या देशाचा मोठा माणूस. जानेवारी २०११ मध्ये त्याचं रक्त घेतलं, गुणोत्तर मर्यादेच्या बरंच वर आलं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने तीन वर्षांची बंदी घातली. तो लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेला आणि २६ मार्च २०१३ रोजी लवादाने बंदी रद्द केली.

वर्तमानपत्रांनी मथळा दिला की वेरपालू निर्दोष. वाडाने, म्हणजे त्या जागतिक संस्थेने, आपल्या पेशव्यांच्या नव्हे, म्हटलं की चाचणी योग्यच ठरली. दोघांनीही अर्धाच निवाडा वाचला. पंचांनी तीन गोष्टी म्हटल्या. चाचणीमागचं तत्त्व विश्वासार्ह आहे. या खेळाडूने बाहेरून संप्रेरक घेतलं असावं असं सुचवणाऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत. आणि तरीही १.८१ आणि १.६८ या रेषा बरोबर जागी आखल्या आहेत हे महासंघाने सिद्ध केलेलं नाही, म्हणून अपील मान्य.

आमच्या मते हा अलीकडच्या काळातला ज्ञानमीमांसेचा एक उत्तम पाठ आहे, आणि लिहिला वकिलांनी. कारण समजून घ्या. दहा हजार निर्दोष खेळाडूंत फार तर एक चुकून अडकावा, अशा हिशेबाने ती रेषा आखायची होती. पण ज्या नमुन्यांवरून आखली ते होते शेकड्यांच्या घरात. शेकडा माणसं मोजून दहा हजारातल्या एकाबद्दल बोलायचं तर मधली जागा कशाने तरी भरावी लागते. ती भरली जाते वक्राच्या आकाराबद्दलच्या गृहीतकाने. एक वक्र धरला तर रेषा इथे, दुसरा धरला तर तिथे. काही नमुने गाळले, ते का, याचंही समाधानकारक उत्तर मिळालं नाही. पंच म्हणाले, तुमचा काटा ठीक असेल, पण काट्यावरची खूण कोणी आणि कशी कोरली ते दाखवा.

तरी निवाड्याशी आमचा एक मतभेद आहे. पंचांनी 'बऱ्याच गोष्टी सुचवतात' हे वाक्य लिहायला नको होतं. ज्याच्याविरुद्ध सिद्ध झालं नाही त्याच्या नावावर ते वाक्य आयुष्यभर चिकटतं. तो घेत होता की नव्हता, आम्हाला माहीत नाही. पण निकाल तुमच्या बाजूने आणि परिच्छेद तुमच्या विरुद्ध, ही शिक्षाच झाली, तीही अपील नसलेली. दुसऱ्या बाजूने पाहणारा म्हणेल की पंचांनी प्रामाणिकपणे जे वाटलं ते लिहिलं. हे आम्हाला कळतं, तरी पटत नाही. पुढच्या वर्षी मर्यादा नव्या अभ्यासावरून पुन्हा आखल्या गेल्या. चाचणी सुधारली ती या पराभवामुळे.

आता त्या कुपीकडे परत येऊ, कारण तिथे एक गमतीची अडचण आहे. समजा खेळाडूने माणसाचं म्हणून विकत घेतलं आणि टोचलं, आणि प्रयोगशाळेने सांगितलं की आत गाईचं आहे. मघाशी सांगितलं, गाईची किल्ली माणसाच्या कुलपात फिरत नाही. म्हणजे त्याच्या शरीरावर त्याचा वाढीसाठी उपयोग शून्य. त्याने गुन्हा केला का? वाडाची संहिता म्हणते, वापर करणं किंवा वापराचा प्रयत्न करणं पुरेसं आहे, तो यशस्वी झाला की नाही हे गैरलागू. म्हणजे शिक्षेसाठी प्रजाती कोणती याला फारसं महत्त्व उरत नाही, मनात काय होतं याला उरतं. पण विकणाऱ्याच्या बाबतीत उलट. त्याच्यावर फसवणुकीचा आरोप ठेवायचा तर सगळा भार त्या एका शब्दावर, 'गाय' वर. एकाच अहवालातलं एकच वाक्य, एका आरोपीसाठी बिनकामाचं, दुसऱ्यासाठी निर्णायक. म्हणून ज्याने अहवाल लिहायचा त्याला प्रश्न कोणता विचारलाय हे आधी कळलं पाहिजे. ते सहसा कोणी सांगत नाही, असं आमची विद्यार्थिनी म्हणते. नमुना येतो, सोबत छापील अर्ज येतो, अर्जावर लिहिलेलं असतं 'ओळख पटवणे'.

हे सगळं लांबच्या देशांतलं वाटत असेल तर आपल्या गोठ्यात डोकावा. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मारतात, हे आपण सगळे ऐकत आलो आहोत. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ मण्यांची चिमुकली माळ, आणि ती म्हशीत, गाईत, बाळंतिणीत एकच आहे. कारखान्यातलीही तीच. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्याच्या खाजगी उत्पादनावर बंदी घातली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात हेच औषध बाईचा जीव वाचवतं. इथे काटा कितीही बारीक आणा, दुधातल्या ऑक्सिटोसिनचा तुकडा तुम्हाला सांगणार नाही की तो सुईतून आला की म्हशीच्या डोक्यातून. प्रजातीचा प्रश्न नाही, ठशाचा प्रश्न नाही, उरतं ते फक्त प्रमाण, आणि प्रमाण आलं की वेरपालूचे सगळे प्रश्न पाठोपाठ आले.

विद्यार्थिनीला आम्ही शेवटी एक पत्र लिहिलं, ईमेल नव्हे, पोस्टाने. त्यात सुचवलं की 'ओळख पटली' हे शब्द तिने एकाच ठिकाणी वापरावेत, जिथे पूर्ण माळ वाचली आहे आणि तो क्रम दुसऱ्या कोणत्याही ज्ञात जनावरात नाही. बाकी ठिकाणी काय वाचलं ते लिहावं: अमुक तुकडे, अमुक क्रम, हा क्रम या या प्राण्यांत आढळतो. 'आढळलं नाही' लिहिताना काय शोधलं होतं तेही त्याच ओळीत लिहावं, खालच्या टिपेत नाही. तिचं उत्तर आलं की साहेबांना हे फार लांबलचक वाटतं, छापील अर्जात जागा नाही, अर्जात एकच रकाना आहे आणि त्यात दोन शब्द मावतात. पण एका प्रकरणात तिने मागे जोडपत्र लावलं आणि ते अजून तरी कोणी काढून टाकलेलं नाही.

बरं, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या बाईंनी मघाशी डुकराच्या मुद्द्यावरच हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरू करू.